उत्तर बरोबर, मार्क दोनपैकी अर्धा

वाळपईची

नमस्कार. फर्स्ट इयर बी.एससी., फिजिक्स मेजर. कॉलेज गोव्यात फोंड्याला, घर वाळपईच्या पुढे.

आम्हाला दर मंगळवारी मेकॅनिक्सच्या पाच गणितांचा कागद मिळतो. पुढच्या सोमवारी सकाळी साडेनऊच्या आत सोडवून द्यायचा. लॅबच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे, तिच्यात कागद टाकायचे आणि तेच कागद स्कॅन करून गूगल क्लासरूमवरही चढवायचे. साडेनऊला शिपाईदादा पेटी उचलून नेतात. एक दिवस उशीर झाला तर अर्धे मार्क, उत्तरं लावल्यानंतर दिलं तर शून्य.

आतापर्यंत चार कागद झाले. माझे मार्क ४, ३, ०, ३. दहापैकी. बारावीला फिजिक्समध्ये मला ८१ होते. मी अगदीच ढ नाही एवढ्यासाठी सांगते.

शून्य आहे ते गणेश चवथीचं. आम्ही मूळ घरी जातो, पाच दिवस घरात तीस माणसं असतात. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट) बांधा, नेवऱ्या तळा, पाहुण्यांना चहा करा. तरी मी चार गणितं सोडवली होती. रविवारी संध्याकाळी पाऊस आणि वारा सुरू झाला, लाइट गेली, नेटवर्क गेलं. सोमवारी पहिली बस चुकली आणि मी पोचले तेव्हा पेटी रिकामी. मंगळवारी दिलं तर सर म्हणाले, उत्तरं काल दुपारीच लावली. बरं, हे मी सोडून दिलं.

माझी खरी तक्रार चौथ्या कागदाची आहे. दुसरं गणित असं होतं: दोन खांबांमध्ये दोरी बांधली आहे, तिच्या बरोबर मध्ये ६.० किलोची वस्तू टांगली आहे, दोरीच्या दोन्ही बाजू आडव्या रेषेशी १० अंशांचा कोन करतात, दोरीतला ताण काढा. मी सूत्र लिहिलं, आकडे घातले, उत्तर काढलं: १६९.४८०६ न्यूटन. बोर्डावर लावलेलं उत्तर १७०. म्हणजे बरोबर ना? मला दोनपैकी अर्धा मार्क, आणि शेजारी लाल शाईत दोनच शब्द: ‘कुठून आलं?’

दुसरं म्हणजे, आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शनिवारी रात्री कोणीतरी सगळी उत्तरं टाकतो. त्या गणिताला तेरा जणांनी उणे ५४.०४ न्यूटन लिहिलं आणि तेराही जणांना त्या पूर्ण कागदाला शून्य मिळालं. मी त्यात नव्हते, कारण माझ्याकडे नेट नव्हतं (खरं तेच सांगते). पण उणे ५४.०४ हा आकडा आला तरी कुठून, हे ज्याने टाकला त्यालाही सांगता येत नाही.

तर या कागदावर नक्की लिहायचं काय असतं? आणि मैत्रिणीबरोबर बसून सोडवलं तर ती कॉपी होते का? सरांना विचारायला जावं तर भीती वाटते. तिसरीपर्यंत शाळेत हात वर केल्याबद्दल मार खाल्लेली मी.

---

कुळागर

स्कॅनचं तेवढं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. रात्री ट्यूबलाइटखाली फोटो काढू नकोस, हाताची सावली पडते आणि पेन्सिल दिसत नाही. सकाळी खिडकीशी काढ, काळ्या पेनने लिही, सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये घाल. आणि चढवायचं रविवारी दुपारी. रविवारी रात्री अकरा वाजता चढवणाऱ्याला सत्तरी तालुक्यातली लाइट कधी साथ देत नाही, हा माझा तीन वर्षांचा अनुभव.

---

निवृत्त मास्तर, डिचोली

बाय, आधी उणे ५४.०४ चा उलगडा करतो. ते वाचून मी एकटाच इतका हसलो की आतून विचारणा झाली, काय झालं म्हणून.

तुमच्या ग्रुपवाल्याचा कॅल्क्युलेटर रेडियनवर होता, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर. १० अंशांचा साइन ०.१७३६. पण कॅल्क्युलेटर रेडियनवर असला की तो १० म्हणजे १० रेडियन समजतो आणि त्याचा साइन देतो उणे ०.५४४. आता ५८.८ ला (६ किलोचं वजन, न्यूटनमध्ये) उणे ०.५४४ च्या दुपटीने भाग. आलं ना उणे ५४.०४?

दोरी ओढते. ती ढकलू शकत नाही. ताण उणे आला म्हणजे तुमची दोरी वजनाला वरून खाली रेटते आहे, काठीसारखी. तेरा जणांनी हा आकडा उतरवला आणि एकाचाही हात थांबला नाही. तपासणाऱ्याला बाकी काही बघावं लागत नाही. बरोबर उत्तर तेरा वह्यांत सारखंच असायचं, त्यात संशय घ्यायला जागा नाही. एकच चूक दुसऱ्या दशांशापर्यंत सारखी निघाली की ती बोटाच्या ठशासारखी असते.

मी हे वरच्या पायरीवर उभा राहून बोलत नाही. मी बी.एससी. केली तेव्हा गोव्यात विद्यापीठ नव्हतं, ते १९८५ साली झालं. आमची कॉलेजं मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. दर आठवड्याला गणितं द्यायची पद्धत आमच्याकडे नव्हती. वर्षाअखेर परीक्षा आणि प्रॅक्टिकलची जर्नल. जर्नल मी सीनियरच्या जर्नलवरून उतरवली, त्याने त्याच्या सीनियरच्या. साध्या लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर होतं, गुरुत्वीय त्वरण ९८१.० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “प्रयोग पॅरिसमध्ये केलास काय रे?”

मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली आहे आणि तिथे स्वतःभोवती फिरण्याचा परिणामही जास्त, त्यामुळे आपल्याकडे १५ अंश अक्षांशावर हा आकडा ९७८.४ च्या आसपास असतो. ९८१ पुस्तकातला, तो वरच्या अक्षांशांचा. मीटरभर दोरा, पितळी गोळा आणि हातातलं स्टॉपवॉच घेऊन कोणालाही चार अंकी उत्तर येत नाही. मी ९७० लिहिलं असतं, ९९० लिहिलं असतं, तरी ते काही बोलले नसते. त्यांनी पास केलं मला. पण तोंडी परीक्षेचे पुढचे दहा मिनिटं मी लंबक या विषयावर जे बोललो ते आजही आठवलं की कान गरम होतात.

आता तुझी दोरी. ती तू याच चवथीला पाहिली आहेस.

माटोळीची लाकडी चौकट छताला कशी टांगतात? चारी कोपऱ्यांना उभ्या दोऱ्या. आमच्या घरी एका वर्षी चौकटीची एक पट्टी वाळवीने खाल्ली होती, ते आदल्या दिवशी कळलं. काकांनी युक्ती केली. दोन खांबांमध्ये काथ्याची दोरी आडवी ताणून बांधली आणि नारळांची पेंड, म्हणजे घोस, तिच्या मध्यावर अडकवली. दोरीला झोल आला. काकांना तो झोल बघवेना. गणपतीच्या वर झोल कसला! म्हणून दोन माणसं लावून दोरी आणखी ताणली, आणखी ताणली, छान ताठ झाली. रात्री आरतीला झांज सुरू झाली आणि दोरी तुटली. मूर्तीला काही झालं नाही, समईचं तेल मात्र सांडलं, आणि आजी पुढचे दोन दिवस काकांशी बोलली नाही.

काकांचं काय चुकलं ते कागदावर काढ. मध्यावर एक ठिपका, तिथे गाठ आहे असं समज. ठिपक्यापासून खाली एक बाण: वजन. डावीकडे वर एक बाण, उजवीकडे वर एक बाण: दोरीच्या दोन बाजूंचा ताण. दोन्ही ताण सारखे का? कारण गाठ बरोबर मध्ये आहे आणि दोन्हीकडे कोन एकच आहे, त्यामुळे आडवे भाग एकमेकांना कापतात. हे वाक्य लिहायचं. मग उभे भाग: प्रत्येक बाजू ताण गुणिले साइन थीटा (थीटा म्हणजे दोरीचा आडव्या रेषेशी कोन) एवढं वर ओढते, दोन बाजू मिळून त्याच्या दुप्पट, आणि गाठ हलत नाही म्हणून ते वजनाइतकं. हेही लिहायचं. इथपर्यंत एकही आकडा आलेला नाही. ताण बरोबर वजन भागिले दोन साइन थीटा, हे सूत्र आता तुझं झालं. तू जे लिहिलंस ते आकाशातून पडलेलं होतं, म्हणून सरांनी विचारलं कुठून आलं. त्यांनी रागाने विचारलं नाही, त्यांना खरंच दिसत नव्हतं.

आकडे सगळ्यात शेवटी. ६.० किलो, म्हणजे वजन ५८.८ न्यूटन. १० अंशांना ताण १६९, म्हणजे १७०. पुढचे दशांश खोडून टाक. वजन तुला दोन अंकांपर्यंत माहीत आहे आणि उत्तर तू सात अंकांत देतेस. कदंबची बस नऊ वाजून चार मिनिटं सतरा पूर्णांक तीन सेकंदांनी येते असं सांगितल्यासारखं होतं ते.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा विषय आवडीने शिकवला ती गोष्ट. उत्तर आल्यावर पेन खाली ठेवू नको, कोन बदलून बघ. ९० अंश, म्हणजे दोन्ही दोऱ्या सरळ उभ्या: प्रत्येकीत २९ न्यूटन, अर्धं अर्धं वजन. पटतं. ३० अंश: ५९, म्हणजे प्रत्येक बाजूत पूर्ण वजनाइतका ताण. १० अंश: १७०, जवळजवळ तिप्पट. ५ अंश: ३३७. आणि शून्य अंश? भागाकारच होत नाही. म्हणजे मध्ये काहीही टांगलेलं असताना दोरी अगदी आडवी ताणता येतच नाही, लावा किती माणसं लावायची ती. काका झोल काढत होते तेव्हा ते नारळाचं वजन वाढवत नव्हते, पण दोरीला मात्र तसंच वाटत होतं.

ही तीन ओळींची पडताळणी कागदावर असती तर कॅल्क्युलेटर रेडियनवर असल्याचं त्या पोराला तिथेच कळलं असतं.

अडकलीस तर काय? जिथे अडकलीस तिथे तसं लिही. “इथून पुढे घर्षणाची दिशा ठरवता आली नाही, वर धरली तर त्वरण उणे येतं.” मी तीस वर्षं वह्या तपासल्या, असं वाक्य दिसलं की मी ती वही बाजूला ठेवायचो, दुसऱ्या दिवशी वर्गात तिथूनच सुरुवात करायचो. पोरांना वाटायचं मास्तरांना मनातलं कळतं.

मंगळवारी कागद मिळाला की त्याच दिवशी बसमध्ये पाचही गणितं वाचून काढ. सोडवू नको, उसगावच्या वळणांवर लिहिता येत नाही. फक्त वाच. घरी जाऊन भांडी घासताना, विहिरीवर, कुठेही डोक्यात ती फिरत राहतात. रविवारी पहिल्यांदा वाचणाऱ्याला हा फुकटचा वेळ मिळत नाही.

आणि सरांकडे जा गो. “मला काही कळत नाही” असं सांगत जाऊ नको, त्यावर कोणालाही उत्तर देता येत नाही. हा दोरीचा कागद घेऊन जा आणि तुझं चित्र दाखव.

---

चोडणची फेरी

मास्तरांच्या खाली लिहायची हिंमत करते. मी सध्या अमेरिकेत पीएच.डी. करते आणि पगाराच्या बदल्यात फर्स्ट इयरचे असेच कागद तपासते. मुलं तीस, प्रत्येकाची सहा गणितं, शुक्रवारची संध्याकाळ. म्हणजे एका गणिताला मी दोन मिनिटंसुद्धा देत नाही. त्या दोन मिनिटांत मी चित्र शोधते, मग चिन्हांतलं समीकरण, मग शेवटचं उत्तर एककासकट. चित्र नसेल तर मला तुमच्या डोक्यात शिरावं लागतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता माझी शिरायची तयारी नसते.

मैत्रिणीबरोबर बसून सोडवण्याबद्दल: इथे बहुतेक शिक्षक बसाच म्हणतात. मी स्वतः ज्यांच्याबरोबर बसले त्यांच्यामुळेच पहिलं वर्ष तरले. फक्त दोन गोष्टी पाळायच्या. वहीच्या वर लिहायचं, अमुकबरोबर चर्चा केली. आणि उठताना फळा पुसून उठायचं, घरी जाऊन कोऱ्या कागदावर आपलं आपण लिहायचं. लिहिता आलं नाही तर ते समजलेलं नव्हतं, तिच्याकडे ऐकताना बरं वाटलं इतकंच. तुमच्या सरांचा नियम वेगळा असू शकतो, तो त्यांनाच विचार.

आणखी एक. इथल्या बऱ्याच कोर्समध्ये सगळ्यात कमी मार्कांचे एकदोन कागद सोडून देतात, आजारपण, प्रवास अशा गोष्टींसाठी. तुमच्याकडे तसं आहे का बघ. चवथीचं शून्य कदाचित मोजतच नसतील.

---

शनिवारची मासळी

सगळे त्या मुलीलाच शिकवताय. ती वाळपईच्या पुढून येते, पहिली बस चुकली तर दुसरी कधी हे देवालाच माहीत, आणि पेटी साडेनऊला उचलतात! वर कागदही पाहिजे आणि स्कॅनही पाहिजे, हे कशासाठी? एक काहीतरी घ्या. फोंड्यात राहणाऱ्या पोराला आणि सत्तरीतल्या पोरीला साडेनऊ म्हणजे सारखेच साडेनऊ नव्हेत. आणि हल्ली सगळे एआयला विचारून लिहितात, त्यांना कोण पकडतो? प्रामाणिक मरतात.

---

निवृत्त मास्तर, डिचोली

मासळीवाल्यांचं पहिलं म्हणणं मला पूर्ण मान्य. पेटी आणि स्कॅन दोन्ही, हा शुद्ध छळ आहे. रविवारपर्यंत स्कॅन चढला असेल तर कागद सोमवारी दुपारपर्यंत चालेल का, असं सरांना विचारायला हरकत नाही. पाचसहा जणांनी मिळून विचारा. लांबून येणारी ती एकटी नसणार.

एआयबद्दल: माझ्या नातवाने परवा मला दाखवलं. चित्राचं वर्णन, समीकरण, उत्तर, सगळं नीट. मी त्याला म्हटलं, आता मोबाइल पालथा ठेव आणि मला सांग, खांब एकमेकांच्या जवळ आणले आणि दोरी तेवढीच ठेवली तर ताण वाढेल की कमी होईल? तो छताकडे बघत बसला. सेमिस्टर परीक्षेच्या हॉलमध्ये छतच असतं.

(कमी होईल. झोल वाढतो, कोन वाढतो.)

---

वाळपईची

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे आभार, मास्तरांचे जास्त.

सरांकडे गेले. दोरीचं चित्र नव्याने काढून नेलं. ते पाच मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, हे आधी का नाही काढलंस. मार्क वाढवले नाहीत. पण दहा कागदांतले चांगले आठच धरतात हे त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी वाटलेल्या कागदावर ते छापलेलं होतं म्हणे, मी दुसऱ्या यादीत ॲडमिशन घेतल्यामुळे तो कागद मला मिळालाच नव्हता. म्हणजे चोडणची फेरी बरोबर बोलली. स्कॅनचं आम्ही सात जणांनी विचारलं. आता स्कॅन रविवारी रात्री बारापर्यंत आणि कागद सोमवारी लॅबला येताना. पेटी तिथेच आहे, तिच्यात आता कोणीतरी छत्री ठेवतो.

पुढचे दोन कागद साडेसहा आणि आठ. आठमधले दोन गेले ते घर्षणाची दिशा उलटी धरली म्हणून. पण मी शेजारी लिहिलं होतं की दिशेबद्दल खात्री नाही, त्यावर सरांनी लाल शाईत ‘चांगली शंका’ असं लिहून दोन मार्क कापले. हसावं की रडावं.

आणि एक गंमत. आमच्याकडे काजूच्या बिया मोजायचा टांगता स्प्रिंगकाटा आहे. रविवारी पाऊस नव्हता. मी पडवीच्या दोन खांबांमध्ये दोरी बांधली, एका बाजूला दोरीच्या मध्येच तो काटा अडकवला, आणि बरोबर मधोमध पाण्याचा पाच लिटरचा कॅन टांगला. दोरी सैल होती तेव्हा काटा चार किलोच्या आसपास दाखवत होता. मग भावाने दुसऱ्या टोकाने दोरी ओढत नेली, मी मोबाइल दोरीला लावून कोन बघत होते. दहा अंशांच्या जवळ आल्यावर काट्याने चौदा दाखवलं. पाच लिटर पाणी आणि काटा म्हणतो चौदा किलो! भावाला आणखी ओढायचं होतं, मी त्याला मास्तरांच्या काकांची गोष्ट सांगितली.

बाबा पडवीत चहा पीत बघत होते. मी त्यांना चित्र काढून समजावलं, साइन थीटा न म्हणता, कोकणीतून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, कॅन सोडवला, थेट काट्याला टांगला. पाच. परत दोरीला लावला. चौदा. परत काट्याला. पाच.

त्यांचं मत आहे की काटा बिघडला आहे, आणि एप्रिलमध्ये व्यापाऱ्याला बिया याच दोरीवर टांगून मोजून द्याव्यात.